परचुऱ्यांकडे वेळेवर जेवतात

आमच्या आणि परचुऱ्यांच्या घरात एकच भिंत होती. चंदीगडमधली ती सरकारी घरं तशीच बांधलेली, लाल विटांची, एकमेकांना खेटून रांगेनं उभी. पुढे हिरवळीचा तुकडा, मागे अंगण आणि दोन अंगणांच्या मधे छातीएवढा कठडा. त्या कठड्यावरून विरजणाची वाटी इकडून तिकडे जायची आणि सेक्टरातल्या बातम्याही. संध्याकाळी दिवे लागले की आतल्या भिंतीतून मला पलीकडचं ऐकू यायचं. आधी परचुरेकाकूंची "चला" अशी एकच हाक, मग ताटं मांडल्याचा आवाज, खुर्च्या ओढल्याचा आवाज, मग बराच वेळ नुसतं बोलणं. शब्द कळायचे नाहीत, पण चार जण आळीपाळीनं बोलतायत आणि कुणीही कुणाचं बोलणं तोडत नाही एवढं कळायचं. मधूनच विद्याचं हसू. आणि मग हळूहळू सगळं शांत व्हायचं. त्या शांततेनं माझ्या पोटात जी आग पडायची तिला हेवा म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटायचं भूक लागली असेल. ती पण लागलेली असायचीच.

आमच्याकडे त्या वेळी जेवणाचा पत्ताच नसायचा. आमच्याकडे डाव रंगात आलेला असायचा. बाबा केंद्र सरकारच्या हिशेबाच्या खात्यात होते आणि नागपूरहून बदलून आले होते. त्यांचं ऑफिस सतरा सेक्टरात होतं. तिथे, बसमध्ये, भाजीच्या दुकानात, कुठेही एखादा एकटा मराठी माणूस दिसला की बाबा त्याला सायकलच्या मागच्या कॅरियरवर बसवून घरी आणत. वानखडेकाका असेच आलेले. अमरावतीकडचे, बायको-मुलं गावाला, इथे एका खोलीत स्टोव्हवर खिचडी टाकून राहणारे. मग त्यांच्या ओळखीचे आणखी दोघं-तिघं. आमच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी पसरली जायची, सिगारेटी पेटायच्या, पत्ते पिसले जायचे आणि "हुकूम बोल!" म्हणून आरडाओरडा सुरू व्हायचा. रेडिओ चालू असायचाच, तो कुणी ऐकत नसलं तरी. घरात खोल्या दोन. आतल्या खोलीत आई आणि धाकटा शेखर झोपायचे. माझी खाट बाहेरच्या खोलीत होती. म्हणजे डाव उठेपर्यंत माझ्या खाटेवर वानखडेकाकांचे मफलर, टोप्या आणि चिवड्याची परात झोपलेली असायची.

आईबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला आजही खपत नाही, म्हणून हे आधी सांगते. माझ्या आईसारखा स्वयंपाक त्या अख्ख्या सेक्टरात कुणाला येत नव्हता. तिच्या हातचा गोळाभात, सांबारवडी, पाटवडीचा झणझणीत रस्सा, हे सगळं खाऊन ती माणसं डोळे पुसायची. काही तिखटानं, काही घरच्या आठवणीनं. आई गुणगुणत स्वयंपाक करायची, हसायची, सगळ्यांची थट्टा करायची. वर्गातल्या मुली मला म्हणायच्या, "यार, तेरी मम्मी कितनी अच्छी हैं!" पण तो गोळाभात आमच्या ताटात पडायचा तेव्हा शेखर चुलीशेजारच्या पाटावर पेंगत असायचा आणि मी संध्याकाळभर चिवडा-भजी खाऊन पोट बिघडवून बसलेली असायची. सकाळी कुणालाच जाग यायची नाही. एक मोजा सापडायचा, दुसरा नाही. वेणी एकच, तीही सैल. चहात बुडवलेला टोस्ट हातात घेऊन मी फाटकाबाहेर धावायची, तर तिथे विद्या उभी असायची. दोन घट्ट वेण्या, त्यांना पांढऱ्या रिबिनी, इस्त्रीचा पोशाख, आणि चेहऱ्यावर असं काही ताजेपण, की जणू तिला त्या सकाळीच नवीन डोळे बसवून दिले आहेत.

विद्या माझ्याच वर्गात होती. आठवीत. दरवेळी पहिली यायची. ती फार हुशार होती असं मला तेव्हाही वाटत नव्हतं आणि आता केस पांढरे झाल्यावरही वाटत नाही. शेजारी बसून मी बघत होते ना. एखादं गणित तिला जितक्या वेळात कळायचं तितक्याच वेळात मलाही कळायचं. मला कळायचं आणि दुपारपर्यंत विसरून जायचं, तिचं राहायचं. तिचा डबा उघडला की त्यात दोन पोळ्या, दुधीची नाहीतर घेवड्याची भाजी आणि एक फळ. रोज. माझ्या डब्यात कधी काल रात्रीची भजी, कधी काहीच नाही. वर ती मला अर्धी पोळी देऊ करायची. तिच्या त्या देण्याचा मला फार राग यायचा आणि पोळी मी खायची.

सहामाहीत मी गणितात नापास झाले. सोधी मॅडम आमच्या वर्गशिक्षिका. उंच, गोऱ्यापान, पंजाबी हेल काढून बोलणाऱ्या. पेपर हातात देण्याआधीच मी बाकावर डोकं टेकलेलं त्यांनी पाहिलं. त्यांनी माझ्या पाठीवर पेपरची गुंडाळी हलकेच मारली. "ओ कुंदा, रात को चौकीदारी करती है क्या? किस बैंक की?"

सगळा वर्ग हसला. विद्या हसली नाही. तिनं खाली मान घातली. कारण वर्गात ती एकटीच होती जिला आमच्या घरची चौकीदारी ठाऊक होती. तिच्या भिंतीतूनही आमचं सगळं ऐकू जात असणारच. तिनं हसायला हवं होतं. हसली असती तर मी तिच्याशी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. आमच्याकडच्यांना ती थंडी कधीच झेपली नाही. आई शालीवर शाल घेऊन शेगडीशी बसायची. अशातच अमरावतीहून तार आली. माझ्या मावशीचं बाळंतपण अडलं होतं, ती अंथरुणाला खिळली होती, बाळ अशक्त होतं आणि घरात करणारं कुणी नव्हतं. आईनं शेखरला बरोबर घेऊन जायचं ठरलं. माझी शाळा बुडवून चालणार नव्हतं, आणि बाबांना तर चहासुद्धा करता येत नव्हता.

अंगणातल्या कठड्याशी उभ्या राहून परचुरेकाकू म्हणाल्या, "त्यात काय एवढं? कुंदाला आमच्याकडे राहू द्या. विद्याबरोबर जाईल, विद्याबरोबर येईल. तिच्या बाबांचा डबाही देत जाईन."

आई म्हणाली, "तुम्हाला कायले त्रास, बाप्पा!" पण तिच्या आवाजात सुटका ऐकू आली. मी कपडे पिशवीत भरले. ज्या घराचे आवाज ऐकत मी मोठी होत होते, त्या घराच्या आत राहायला मिळणार होतं. आईनं मला जवळ घेतलं तेव्हा मी रडले, पण खरं सांगायचं तर माझं निम्मं लक्ष पलीकडे होतं.

परचुरेकाका एका सरकारी प्रयोगशाळेत होते. मूळ साताऱ्याचे. किडकिडीत, चष्मा लावलेले, फार कमी बोलणारे. विद्या आणि तिचा लहान भाऊ अनिल अशी दोन मुलं. मला वाटलं होतं या घरात काहीतरी गुपित असेल. खास शिकवणी, कसली जाड पुस्तकं, निदान बदाम तरी. तसलं काही नव्हतं. संध्याकाळी खेळून आलं की हातपाय धुवायचे. दिवा लागला की सगळ्यांनी जेवायला बसायचं, काकांसकट. रेडिओ बंद. जेवताना प्रत्येकानं दिवसात काय झालं ते सांगायचं. अनिल सांगायचा की त्यानं खिडकीतून माकड पाहिलं. काकू सांगायच्या की भाजीवाल्याशी आज कशावरून वाद झाला. काकासुद्धा सांगायचे, प्रयोगशाळेतली कुठलीशी नळी कशी फुटली आणि चूक कुणाची होती. बहुतेक वेळा त्यांचीच असायची. जेवण झालं की रस्त्याच्या टोकापर्यंत सगळ्यांनी मिळून चक्कर. निलगिरीच्या झाडांखालून, तोंडातून वाफा काढत. परत आल्यावर टेबल पुसून तिथेच अभ्यास. काका शिकवायचे नाहीत. ते आपलं स्वतःचं काही वाचत टेबलाच्या एका बाजूला बसायचे, इतकंच. अडलं तर विचारायचं. मग दप्तर भरून दाराशी ठेवायचं, दूध प्यायचं आणि झोपायचं.

पहिल्या रात्री काकूंनी दिवा मालवला तेव्हा मी रजईत टक्क उघड्या डोळ्यांनी पडून राहिले. भिंतीपलीकडून आमच्या घरातला आवाज येत होता. वानखडेकाका ओरडले, "मारला एक्का!" आणि बाबा खदखदून हसले. हे मी इथून ऐकेन असं मला वाटलं नव्हतं. विद्यानं कूस बदलली आणि झोपेतच म्हणाली, "होईल सवय." मला लाज वाटली. आणि मग वाटलं, हिला सवय झाली आहे. आमच्या घराच्या गोंगाटातसुद्धा ही झोपू शकते आणि पहिली येऊ शकते.

जेवण मात्र अगदी बेताचं. काकूंची दुधीची भाजी म्हणजे आजारी माणसाला द्यायची तशी. वरणाला फोडणी असायची पण तिची चव लागायची नाही. मी आईच्या रश्श्याची आठवण काढत गिळायची. पण हळूहळू एक गंमत झाली. दिवे लागायच्या सुमारास मला आपोआप भूक लागायला लागली, आणि ती भूक लागली की समोर ताट असायचं. नंतर तशीच झोप यायला लागली, आणि ती आली की अंथरूण असायचं. शरीराला इतकं वेळच्या वेळी काही मिळतं हे माझ्या शरीराला माहीतच नव्हतं. एक दिवस सकाळी सोधी मॅडम फळ्यावर बीजगणित सोडवत होत्या आणि अचानक माझ्या लक्षात आलं की मी त्यांचं बोलणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं आहे. मधे कुठे धुकं नाही, डुलकी नाही, भजीचा आंबट ढेकर नाही. मॅडम काय सुंदर शिकवायच्या! हे बाकीच्या मुलींना आधीपासून ठाऊक असणार. मला ते तेव्हा कळलं, आणि कळल्यावर आनंद झाला असं म्हणायला हवं, पण मला झाला तो संताप. म्हणजे इतकी वर्षं ही विद्या रोज एवढं सगळं ऐकत होती तर! हिला हे फुकट मिळत होतं आणि हिला ते ठाऊकही नव्हतं. ती जेवायला बसायची ती मी श्वास घेते तशी.

पुढे मी स्वतः तीस वर्षं शाळेत शिकवलं. पहिल्या तासाला डुलणारं मूल दिसलं की मी त्याला कधी उठवलं नाही. पालकसभेत त्याच्या आईबापांना बाजूला घेऊन विचारायची, "घरात रात्री दिवे कधी मालवता?" काही पालक रागवायचे. बाईंनी अभ्यासाचं बोलावं, घरचं कशाला, म्हणायचे. मी तरी विचारायचीच.

डिसेंबरच्या चाचणीत गणितात वर्गात सर्वांत जास्त गुण मला मिळाले. विद्याला माझ्याहून दोन कमी. सोधी मॅडमनी पेपर हातात देताना माझ्याकडे नीट पाहिलं. "शाबाश! चौकीदार की नौकरी छोड़ दी?" पुन्हा वर्ग हसला, पण आता मीही हसले. त्या संध्याकाळी जेवताना माझी पाळी आली तेव्हा मी ते सांगितलं. परचुरेकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "वा! हे फार चांगलं झालं. कुंदाला गणिताची समज आहे. खरी समज." एवढंच. पण इतकी वाक्यं ते एका दमात कधी बोलत नसत.

चक्कर मारायला निघालो तर विद्या अनिलचा हात धरून पुढे पुढे चालत राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझी आई कधी येणार?"

"का गं?"

"काही नाही. बाबा मला कधी तसं म्हणाले नाहीत." थोडं चालल्यावर ती पुन्हा म्हणाली, "तुला तुझं घर आहे ना, कुंदा?"

तिच्या नाकाचा शेंडा थंडीनं लाल झाला होता, का रडू येत होतं म्हणून, कोण जाणे. माझ्या मनात आलं, आहे ना घर, पण तुझं जास्त चांगलं आहे. मी तसं बोलले नाही. तिला माझा हेवा वाटतोय हे कळून मला जे सुख झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आठवडाभर मी त्या सुखावर जगले.

लोहरीच्या, म्हणजे तिकडच्या संक्रांतीच्या, दोन-तीन दिवस आधी आई परत आली. मावशी उठून बसली होती, बाळ दूध पिऊ लागलं होतं. आई वाळली होती, पण टांग्यातून उतरली ती हसतच. करंडीभर संत्री, खोकणारा शेखर आणि परचुऱ्यांसाठी संत्र्याची बर्फी. काकूंनी त्या दिवशी आम्हा सगळ्यांना जेवायलाच बोलावलं, बाबांनासुद्धा. दिवा लागला, काकू "चला" म्हणाल्या आणि मी उठून ताटं मांडायला लागले. कुणाची वाटी कुठली, काकांना मीठ कुठल्या बाजूला लागतं, सगळं मला ठाऊक होतं. मधेच वर पाहिलं तर आई एकटक माझ्याकडे बघत होती. आमच्या घरी मी कधी पाण्याचा पेला उचलून ठेवला नव्हता.

जेवताना रीतीप्रमाणे सगळ्यांनी आपापला दिवस सांगितला. बाबांची पाळी आली तर ते गोंधळून म्हणाले, "आमचं काय, ऑफिसच!" आणि एकटेच मोठ्यानं हसले. काकू कौतुकानं म्हणाल्या, "कुंदानं गणितात वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळवले, सांगितलं का तिनं? आता ती आमचीच झाली आहे बघा."

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण आईचा हात भाताच्या घासावर थांबला. आणि नेमकं तेव्हाच, मी, आनंदाच्या भरात म्हणाले, "आई, वार्षिक परीक्षेपर्यंत मी इथेच राहू?"

विद्यानं चमचा खाली ठेवला. काकूंनी आईकडे पाहिलं. आई हसली, आमच्याकडे कुणी नको त्या वेळी पाहुणा आला की हसायची तशी. "राहा न," ती म्हणाली. "तुला आवडत असेल तर राहा न, बेटा." आणि पुढचं सगळं जेवण तिनं काकूंच्या दुधीच्या भाजीची तारीफ केली.

'राहा' म्हणूनही तिनं मला आणि माझी पिशवी बरोबर आणली होती. घरी आल्यावर तिनं पिशवीतून माझे कपडे काढून घड्या घातल्या. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. मग माझ्याकडे पाठ करून विचारलं, "काय देऊन राहिली गं ती तुला, जे मी देत नाही?"

"काही नाही."

"तिच्या भाजीत मीठ तरी असते का? सांग न. काय देते?"

मला रडू यायला लागलं होतं. मी म्हणाले, "वेळेवर जेवायला देते. अन् झोपायला देते."

आई वळली. मला वाटलं आता मार बसणार. पण ती माझ्या खाटेकडे बघत होती, जिच्यावर बाबांनी ती नसताना पत्त्यांचे जोड, अॅश-ट्रे आणि चार उशा रचून ठेवल्या होत्या. मला वाटतं तिनं ती खाट त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वानखडेकाका आणि बाकीची मंडळी नेहमीसारखी आली. आई परत आली म्हणून खुशीत, जरा जास्तच आरडाओरडा करत. बघतात तर सतरंजी नाही. सतरंजीच्या जागी पाट मांडलेले, ताटं वाढलेली, गरम गोळाभात, वर फोडणी. बाहेर नुकता कुठे अंधार पडत होता.

"बसा," आई म्हणाली. "सगळ्यांनी बसा. पोरांबरोबर."

"आता? इतक्या लवकर?" बाबा म्हणाले. "एक डाव तर होऊ दे."

"डाव नाही. आजपासून घरात डाव नाही. शनिवारी खेळा, तेही मागच्या अंगणात."

बाबांचा चेहरा उतरला. पाहुण्यांसमोर आई त्यांना असं कधी बोलली नव्हती. "अवं, ही माणसं घरदार सोडून आली आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "यांना इथं कोण आहे?"

"अन् तुमच्या पोरांना कोण आहे?" आईचा आवाज चढला. "एका पोरीची झोप मोडून तुम्ही बाहेरच्या खोलीत नागपूर वसवलं आहे! अन् मीच मूर्ख, त्या नागपूरले भजी तळून देत होते. काल माझी पोरगी मला म्हणते, शेजारच्या घरी राहू का. कळते का तुम्हाला काय म्हणते ती?"

रेडिओवर कुणीतरी बाजारभाव सांगत होतं. मग वानखडेकाका, तो एवढा धिप्पाड माणूस, गपचूप जाऊन रेडिओ बंद करून आला आणि माझ्या शेजारच्या पाटावर बसला. "वहिनी, बसलो," तो म्हणाला. "माझी पोरगीही आठवीतच आहे. ती कधी जेवते, मला ठाऊक नाही." आणि खाली मान घालून जेवायला लागला. त्याचं बघून बाकीचे बसले. शेवटी बाबा.

ही सुरुवात होती असं आज म्हणता येतं. तेव्हा तर ते भांडणच वाटत होतं, आणि ते पुढे बरेच दिवस चाललं. बाबा आईशी तुटक बोलायचे. डाव नसलेली संध्याकाळ त्यांना खायला उठायची. आई हट्टानं परचुऱ्यांच्या आधी ताटं मांडायची. अगदी खरं सांगते, कान भिंतीला लावून ती काकूंचं "चला" अजून झालं नाही ना ते ऐकायची आणि त्याच्या आधी "चला" म्हणायची, चांगलं खणखणीत, पलीकडे ऐकू जाईल असं. जेवताना शेखरला विचारायची, "सांग, आज काय झालं?" शेखर म्हणायचा, "कुछ नहीं हुआ." ती म्हणायची, "काही तरी झालंच असेल! तिकडे माकड दिसते अन् तुला काहीच नाही दिसत?" आम्ही हसायचो. हळूहळू शेखर सांगायला लागला. सुरुवातीला खोटं, मग खरं. अभ्यासाला टेबल नव्हतं, म्हणून तिनं ट्रंकेवर चादर घातली. बाबांना म्हणाली, "तुम्ही इथं बसायचं."

"मी बसून काय करू? मला यांचं आजकालचं गणित येत नाही."

"परचुरेही काही करत नाहीत. ते नुसते बसतात. तुम्ही नुसते बसा."

बाबा बसले. पहिले काही दिवस त्यांनी आमच्या सगळ्या पेन्सिलींना टोक केलं. पेन्सिली संपल्यावर पेपर वाचला, जाहिरातींसकट. मग एक दिवस ऑफिसातून ते एक जाड नियमांचं पुस्तक घेऊन आले आणि न बोलता आमच्यासमोर उघडून बसले. वरच्या जागेसाठी खात्याची एक परीक्षा असायची. बाबा तिला नागपूरला असताना बसले होते आणि नापास झाले होते. त्यानंतर त्यांनी तो विषय घरात कधी निघू दिला नव्हता. कुणी काढलाच तर ते पत्ते पिसायला लागायचे. ते पुस्तक बघून आईनं स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावला. मी एकदा मान वर केली तर बाबा ओठ हलवत काहीतरी पाठ करत होते, अगदी शेखरसारखे. मला एकदम त्यांची माया आली. परचुरेकाका मोठे हुशार, पण नापास होऊन परत परीक्षेला बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

माझी खाट आतल्या खोलीत गेली. वानखडेकाका रोज जेवायला येत राहिले, वेळेवर, आणि जेवण झालं की शेखरला पाढे म्हणायला लावून निघून जात. उन्हाळ्याच्या आधी त्यांनी बायको-मुलांना चंदीगडला आणलं. त्यांच्या मुलीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या दारात पेंगत उभी होती. लांबच्या प्रवासानं.

वार्षिक परीक्षेत विद्या पहिली आली. मी तिसरी. निकाल घेऊन धावत घरी आले तर आई फाटकाशीच उभी होती.

"तिसरी!" मी ओरडले.

तिनं मला उचलायचंच बाकी ठेवलं. सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं रडली, हसली. मग डोळे पुसत पहिला प्रश्न काय विचारला? "अन् ती विद्या?"

"पहिली."

"असू दे," आई म्हणाली. "त्यांचं किती वर्षांपासून चालू आहे. आपण आत्ताच तर लागलो." बाबांची परीक्षा पुढच्या वर्षी झाली. ते पास झाले, बढती मिळाली आणि बढतीबरोबर बदलीही. निरोप द्यायला काकू आल्या, विद्या आली. आम्ही दोघी रडलो, खरंच रडलो. त्या दोन वर्षांत आम्ही मैत्रिणीही झालो होतो, हेवा न सोडता. तसं होऊ शकतं. आई काकूंच्या पाया पडली. वयानं काकू फार मोठ्या नव्हत्या, त्या चांगल्याच गडबडल्या. "अहो हे काय!" म्हणाल्या. आईनं काही कारण सांगितलं नाही.

शेवटची काही वर्षं आई माझ्याकडे होती. एका दुपारी तिच्या पायाला तेल लावत असताना चंदीगडचा विषय निघाला. मी तिला चिडवलं, "आई, तू परचुरेकाकूंवर जळायचीस."

"जळायचीच," ती म्हणाली. जराही न लाजता.

"माझ्या गणितावरून?"

"तुझ्या गणिताचं मला काय कळत होतं?" तिनं पाय जवळ ओढून घेतले. "माझी पोर दुसऱ्या बाईच्या घरी गाढ झोपून राहिली होती," ती म्हणाली. "अन् माझ्या घरी जागून राहिली होती. याच्यावर आईनं जळू नये, तर कशावर जळावं?"